नंबर नेमकं कशाचं वय सांगतो? डावखुऱ्या जुन्या गिटारी आणि पुराव्याचा प्रश्न

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, दुसऱ्याने गोळा केलेला डेटा वापरायचा तर तो खरा आहे हे कसं ठरवायचं?" मी माझ्या विषयातलं उदाहरण शोधत होते, पण डोक्यात आली गिटार. मी स्वतः डावखुरी. वाजवते बेताचीच, पण जुन्या डावखुऱ्या इलेक्ट्रिक गिटारी जमवणारे लोक त्यांची शहानिशा कशी करतात, हे वाचायचं मला व्यसन आहे. कोर्सवर्कमध्ये जे डोक्यात शिरलं नव्हतं ते बरंचसं इथे शिरलं.

समजा, तुमच्यासमोर एक गिटार आहे आणि विकणारा म्हणतोय, "१९६३ ची आहे, फॅक्टरीतूनच डावखुरी निघालेली." आधी हे बघा की दावा एक नाही, दोन आहेत. एक वयाचा, दुसरा मूळ रूपाचा. दोन्हींना पुरावे वेगळे लागतात, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

आधी वय. त्या काळातल्या फेंडर गिटारीला मागच्या बाजूने, नेक जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे, धातूची एक पट्टी असते. सीरिअल नंबर त्या पट्टीवर. नवखा माणूस नंबर बघतो, तक्ता उघडतो, साल काढतो आणि खूश होतो. पण ती पट्टी चार स्क्रूंवर बसलेली असते! पाच मिनिटांत काढून दुसऱ्या गिटारीला लावता येते. म्हणजे नंबर पट्टीचं वय सांगतो, गिटारीचं नाही. त्यात पुन्हा फॅक्टरीत पट्ट्या काही काटेकोर क्रमाने लागत नव्हत्या, त्यामुळे शेजारशेजारच्या सालांचे नंबर एकमेकांत घुसलेले असतात.

म्हणून जाणकार माणूस नेक उतरवून तिच्या बुडाशी असलेली तारीख बघतो. मग पिकगार्ड उघडून आवाज कमी-जास्त करायचे पॉट बघतो. त्यांच्यावर एक आकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ ३०४६३२०. यातले ३०४ म्हणजे बनवणारी कंपनी स्टॅकपोल, ६३ म्हणजे १९६३, आणि २० म्हणजे त्या वर्षाचा विसावा आठवडा. आता यावरून गिटार कधीची? "मे १९६३" असं उत्तर दिलंत तर चुकलात. पॉट बनला तेव्हा, गिटार नव्हे. तो खोक्यात काही महिने पडून राहिलेला असू शकतो. आपल्याला फक्त खालची मर्यादा मिळाली: पॉट मूळचाच असेल, तर गिटार त्याच्या आधीची नाही. आणि हा "मूळचाच असेल तर" सोडवायला झाळणीकडे बघावं लागतं. साठ वर्षांत कुणी हात न लावलेलं झाळकाम आणि पुन्हा केलेलं झाळकाम सरावलेल्या डोळ्याला वेगळं दिसतं.

माझं सांगते. पहिल्या वर्षी मी आधीच्या कुणीतरी ठेवलेल्या सॅम्पलच्या बाटलीवरचं लेबल खरं मानलं आणि चार महिने रीडिंग्ज घेतली. बाटली धुऊन पुन्हा वापरलेली होती, लेबल मात्र जुनंच. लेबल बाटलीचं होतं, आतल्या पावडरीचं नव्हतं. तेव्हा हे पट्टी प्रकरण मला माहीत असतं तर!

आता दुसरा दावा. स्ट्रॅटोकास्टरमध्ये उजवी डावी करून खपवणं कठीण, कारण तिचा आकारच उलटा असतो. गिब्सनच्या एसजीचं अंग मात्र दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखं. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी वाजवतो ती हीच. इथे रूपांतर सोपं, म्हणून संशयही जास्त. काय बघायचं? नेकच्या कडेला वादकाला दिसावेत म्हणून बारीक ठिपके असतात. उजवी गिटार उलटी धरली की ते जमिनीकडे तोंड करतात. ब्रिज थोडा तिरका असतो, जाड तारेकडे मागे सरकलेला. डाव्या गिटारीत हा तिरकेपणा उलट हवा. बटणंही पलीकडच्या बाजूला हवीत. जुनी भोकं बुजवून नवी पाडली असतील तर वरून पुन्हा रंगकाम आलंच, आणि अतिनील दिव्याखाली जुनं लॅकर हिरवट-पिवळसर चमकतं, नंतर मारलेला थर वेगळा दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. समजा (आकडे माझे, निव्वळ हिशेबासाठी) अशा शंभर गिटारींपैकी २० अस्सल आहेत. आपली एक चाचणी सगळ्या अस्सल पास करते, पण ८० रूपांतरितांपैकी दहात एक, म्हणजे ८, तीही पास करते. पास झाल्या २८. त्यांत ८ खोट्या, म्हणजे सातात दोन! चाचणी चांगली असूनही. दुसरी तितकीच चांगली चाचणी लावली तर खोट्या ८ वरून एखाद्यावर येतात.

पण थांबा. हे गणित दोन्ही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. "ब्रिजखाली बुजवलेली भोकं दिसली नाहीत" आणि "बटणांपाशीही दिसली नाहीत" हे तुम्ही दोन पुरावे धरलेत, तर फसलात. एकाच कारागिराने एकाच रंगकामात दोन्ही झाकली असतील. तो एकच पुरावा आहे, दोनदा मोजलेला. माझ्या मते शोधनिबंधांत सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि रिव्ह्यूअरच्याही नजरेतून ती सुटते.

एक मोह आणखी होतो. डावखुऱ्या गिटारी इतक्या कमी, म्हणजे डावखुरे वादकही तितकेच कमी? नाही. माणसांत डावखुऱ्यांचं प्रमाण साधारण १० टक्के आहे. पण जिमी हेंड्रिक्स उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा बदलून वाजवायचा. अल्बर्ट किंग तर तारांचा क्रमही बदलत नसे. मार्क नॉफ्लर डावखुरा, पण वाजवतो उजव्यासारखी. गिटारी मोजून माणसं मोजता येत नाहीत.

किमतीचंही तसंच. कर्ट कोबेनची १९६९ ची डावखुरी फेंडर मस्टँग २०२२ मध्ये ४५ लाख डॉलरच्या वर गेली. ती किंमत कोबेनची आणि "स्मेल्स लाइक टीन स्पिरिट"च्या व्हिडिओची. तुमच्या आलेखात हा बिंदू टाकलात तर रेघ त्याच्याच मागे धावेल. एरवी या बाजारात माल कमी, तसं गिऱ्हाईकही कमी, त्यामुळे दुर्मीळ म्हणजे महाग हे समीकरण सरळ लागत नाही.

ज्युनिअरला मी एवढंच सांगितलं की तुझ्या एक्सेल शीटमध्ये एक कॉलम वाढव: ही नोंद मुळात कुठून आली. काल ती परत आली. पहिल्या ४० ओळींपैकी २९ मध्ये संदर्भ वेगवेगळ्या पेपरांचे होते, आणि ते सगळे पेपर एकाच जुन्या रिपोर्टकडे बोट दाखवत होते. तो रिपोर्ट आता ती शोधते आहे.