जुनी गाडी अडून बसली? आधी निदान, मग खर्च

मैत्रिणींनो, मूल रात्री-अपरात्री रडायला लागलं की आपण लगेच औषधाची बाटली उघडत नाही. अंगाला हात लावून ताप बघतो, पोट फुगलंय का, कान दुखतोय का ते पाहतो आणि मगच डॉक्टरांकडे धाव घेतो. मग दारातली जुनी गाडी सकाळी सुरू झाली नाही, की "मेकॅनिकला बोलवा" एवढंच आपल्या तोंडून का निघावं? घाईत आलेला मेकॅनिक अंदाजानं एक भाग बदलतो. तो नसला की दुसरा. गाडी सुरू होते खरी, पण महिन्याचं अंदाजपत्रक पार कोलमडतं.

आमच्या लालबाग-परळ भागात काही घरांतून प्रीमियर पद्मिनी अजून जपलेली दिसते. ही गाडी तशी मुंबईचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. आधी फियाट म्हणून, पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी म्हणून. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. घरगुती गाड्या मात्र हौसेनं सांभाळल्या जातात. हिच्यात संगणक वगैरे काही नाही. त्यामुळे हिचं दुखणं नुसत्या कानांनी, डोळ्यांनी आणि नाकानंसुद्धा बरंचसं ओळखता येतं.

आमच्याकडे गाडी अडण्याचा मोसमही ठरलेला! गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, लालबागचा राजा १९३४ पासूनचा. त्या दिवसांत इथं माणसांना चालायला वाट नसते, तिथं गाडी कोण बाहेर काढणार? पावसात ती दहा-अकरा दिवस एका जागी उभी राहते आणि अनंत चतुर्दशी झाली, की पहिल्याच सकाळी हटून बसते.

आधी कान द्या

गाडी सुरू व्हायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: सेल्फ फिरवायला बॅटरीची वीज, प्लगला ठिणगी आणि इंजिनाला पेट्रोल. यांतलं काय कमी पडतंय, एवढंच शोधायचं.

गिअर मोकळा ठेवून, हँडब्रेक ओढून पुढचे मोठे दिवे लावा आणि सेल्फ मारा. दिवे मंद झाले किंवा विझले आणि नुसतं 'टक-टक-टक' वाजलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकदाच 'टक' होऊन सगळं शांत, तर दोष बहुधा सेल्फचा. आणि इंजिन घरघर फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी-सेल्फच्या नादी लागू नका. ठिणगी नाही तर पेट्रोल, यांपैकी एकाची अडचण आहे.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना सासूबाईंना घेऊन आठवड्यातून दोनदा के. ई. एम.ला डायलिसिससाठी जावं लागे. वेळ चुकवून चालत नसे. एका सकाळी गाडी हलेना. आलेला मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, सेल्फ गेलाय, पूर्ण बदलावा लागेल." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आधी दिवे लावून बघू या." सेल्फ मारताच दिवे विझले. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली! ती साफ करून नट आवळले आणि गाडी सुरू झाली. काही हजारांचा खर्च टळला, आणि सासूबाई वेळेवर पोचल्या.

सोडा आणि व्हॅसलीन

ही बुरशी काढायला खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवा. चावी बंद करा. आधी निगेटिव्ह, म्हणजे उणे खुणेची तार सोडवा, मग अधिकची. जुन्या दातांच्या ब्रशनं टोकं घासा, ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये, म्हणून झाकणं घट्ट असू द्या. तारा लावताना आधी अधिक, शेवटी उणे. वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा.

आणि हो, काम करण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा. धातू दोन्ही टोकांना टेकला, तर क्षणात भाजतं. हातमोजे आणि चष्मा घातलेला बरा. पदर नीट खोचा. बॅटरीजवळ काडी ओढू नका, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

मग नाक वापरा

इंजिन फिरतंय पण पेटत नाही आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय? मग आधी बॉनेटखाली आणि गाडीखाली बघा. कुठंही थेंब गळत असेल, तर चावीला हातच लावू नका. गळती नसेल, तर चोक ओढून सारखा पाय मारल्यानं इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. दहा मिनिटं थांबा, चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्या.

वास अजिबात येत नसेल, तर पेट्रोल पोचत नाही. आधी टाकीत ते आहे ना, याची खात्री करा. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. मग फिल्टर आणि पंप. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. त्या नळ्या एकदा तपासून बदलून घ्याच.

वास ठीक आहे तरी पेटत नाही? पावसाळ्यात संशय डिस्ट्रिब्यूटरवर घ्यावा. चावी बंद ठेवून त्याची टोपी काढा आणि आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. वरच्या तारा मात्र उपसू नका, त्यांचा क्रम ठरलेला असतो. आमच्याकडे मसाल्याची आणि चिवड्याची दुकानं हाकेवर, त्यामुळे उंदरांना तोटा नाही. एखादी तार कुरतडलेली दिसते का तेही बघा. पॉइंट घासणं, ठिणगी तपासणं हे मात्र मेकॅनिकवर सोपवा, त्यात विजेचा जोरदार झटका बसतो.

चिठ्ठी लिहून ठेवा

एवढं करूनही गाडी हटली नाही, तर कागदावर चार ओळी लिहा: आवाज कसा आला, दिवे मंद झाले का, वास होता का, गाडी किती दिवस उभी होती. ही चिठ्ठी मेकॅनिकच्या हाती द्या. त्याचा वेळ वाचतो, आणि बाईमाणसाला काही कळत नाही म्हणून वाटेल ते सांगण्याची सोय उरत नाही. जो भाग बदलला, तो जुना भाग मागून घ्या. आणि उत्सव असो वा सुट्टी, आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणायला विसरू नका.