दहावीच्या आधीच कामाची ओळख



आमच्या वसतिगृहातून दोन वर्षांपूर्वी दहावी झालेला एक ठाकर मुलगा मला चाकणला भेटला. तो ठेकेदाराकडे हेल्पर होता. त्याच शेडमध्ये त्याच्याच वयाचा, आयटीआय झालेला मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून यंत्रावर काम करत होता. "सर, हे मला आधी का नाही सांगितलंत?" असे त्याने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याला दहावीपर्यंत पोहोचवले, पुढच्या वाटा मात्र दाखवल्या नाहीत.

या वाटा दहावीच्या निकालानंतर एका भाषणात सांगून भागत नाही. मुलांचे हात आधीपासून कामाला लागावे लागतात. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयात मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. लोखंडी अँगल मापून कापताना भूमिती कळते आणि आपल्याला काय जमते, काय आवडते, हेही उमगते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे, असे सुचवले आहे.

आम्ही आता सातवीपासून तीन गोष्टी करणार आहोत. पहिली, महिन्यातील एक शनिवार कामासाठी. दुसरी, जातीचा दाखला आठवीतच काढणे, कारण अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी तो लागतो आणि ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. तिसरी, पालकांना वाडीवर जाऊन समजावणे: आयटीआयनंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकता येते आणि शिकताना विद्यावेतनही मिळते. वेल्डरसारख्या काही ट्रेडना तर दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळू शकतो.

प्रत्येक मुलाने कारखान्यातच जावे, असा आमचा आग्रह नाही. कोणी परिचारिका होईल, कोणी शेती करील, कोणी पदवीपर्यंत शिकेल. निवड मात्र त्याने जाणून करावी. आपला प्रभू सुतारकाम करीत असे, पौल तंबू शिवीत असे. हातांचे काम आपल्याला कमी लेखता येणार नाही.

पिंपरी-चिंचवडच्या मंडळ्यांत फिटर, इलेक्ट्रिशियन, परिचारिका, हिशेबनीस असे कितीतरी जण आहेत. आम्हाला पैशांइतकीच आपल्या एका शनिवारची गरज आहे. या मुलांसाठी प्रार्थना करा, आणि जमेल तेव्हा आपली हत्यारे घेऊन या.