खर्चाच्या ॲपमध्ये खरी अडचण तारखांची

घरखर्च आणि वर्गण्यांची नोंद ठेवणारं साधं ॲप स्वतः बनवायचं ठरवलं, की अनेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात. बँकेशी जोडणी नसेल तर असल्या ॲपला अर्थ नाही, ही समजूत त्याला कारण. संमतीने खात्याची माहिती मिळवून देणारी अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था भारतात २०२१ पासून चालू आहे. पण तिच्यातून माहिती घेण्याची मुभा रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या देखरेखीखालील संस्थांनाच आहे. बँकेचे एसएमएस वाचावेत, तर आयफोन कोणत्याही ॲपला मेसेज वाचू देत नाही, आणि प्ले स्टोअरवर त्या परवानगीसाठी गूगलची खास मंजुरी लागते. शिवाय नुसत्या मेसेजवर विसंबलं, तर कार्डावर घेतलेला किराणा एकदा आणि कार्डाचं बिल भरताना पुन्हा, असा दोनदा खर्चात पडतो. भाजीवाल्याला रोख दिलेल्या चाळीस रुपयांचा मेसेज तर येतच नाही. म्हणून पहिल्या आवृत्तीत नोंद हातानेच करावी, असं माझं ठाम मत आहे.

सर्व्हरही लागत नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतोच. एका घराच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यात सहज मावतात.

रक्कम दशांशात साठवली तरी चालेल, हे मात्र खरं नाही. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, त्यामुळे बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. रुपये नव्हे, पैसे साठवावेत: १९९.५० रुपये म्हणजे १९९५०, पूर्णांक. दाखवताना तेवढं शंभराने भागावं.

सगळ्यांत महाग पडते ती ‘वर्गणी म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम’ ही समजूत. प्रीपेड मोबाइलचे कितीतरी रिचार्ज २८ दिवसांचे असतात. तसा ३०० रुपयांचा रिचार्ज धरा. तो वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. ३,६०० ऐवजी ३,९०० रुपये जातात. म्हणून मुदतीचं एकक नोंदीतच हवं: दिवस, महिना की वर्ष.

महिन्याच्या मुदतीतही खोच आहे. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या वर्गणीत एक महिना मिळवायला जावास्क्रिप्ट या भाषेला सांगितलं, तर ती लीप नसलेल्या वर्षी ३ मार्च काढते. फेब्रुवारी कोराच. बरं, तारीख २८ फेब्रुवारीवर आणली आणि पुढचा हिशेब तिथून केला, तर वर्गणी कायमची २८ तारखेला चिकटते. उपाय सोपा आहे: मूळ तारीख कधीही बदलायची नाही, प्रत्येक हप्ता तिच्यापासूनच मोजायचा आणि महिन्यात तो दिवस नसेल तर शेवटचा दिवस घ्यायचा. खर्चाची तारीखही नुसती तारीख म्हणून साठवावी. जागतिक वेळेत रूपांतर केलं, तर आपण साडेपाच तास पुढे असल्यामुळे १ तारखेला पहाटे दोनला दिलेलं रिक्षाभाडं मागच्या महिन्यात जाऊन बसतं.

फोनवरून ॲप काढून टाकलं की वर्गणी थांबते, असंही पुष्कळांना वाटतं. ती थांबत नाही. प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या खात्यात जाऊन ती रद्दच करावी लागते. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या वर्गणीची सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी येते, पण ती इतर मेसेजांच्या गर्दीत सहज सुटते. आपल्या ॲपने तीन दिवस आधी आठवण करून द्यावी, मोफत चाचणी संपत असेल तर नक्कीच. आणि वर्गणी रद्द केल्यावर तिची नोंद पुसू नये, फक्त शेवटची तारीख भरावी. नाहीतर मागच्या वर्षीची बेरीज आज बदलेल.