विमानाचे अंतर व वेळ : वर्गातील एक प्रश्न

अंतरास वेगाने भागले की वेळ निघते, हा नियम मुलांस ठाऊक असतो. परंतु हल्ली खानदेशातील कित्येक कुटुंबांतील कोणी ना कोणी परदेशी आहे. आणि एखादा मुलगा विचारतो, ‘‘मामा रात्री एक वाजता मुंबईहून निघाला व त्याच दिवशी सकाळी सहाला न्यूयॉर्कला उतरला. म्हणजे अमेरिका पाच तासांवरच ना?’’ अशा मुलास गप्प बसविणे सोपे असते. तथापि शिक्षकबंधुभगिनींनी हा प्रश्न वर्गाकडूनच सोडवून घ्यावा.

प्रथम अंतर पाहू. धुळे व जळगाव ही दोन्ही शहरे 21 उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहेत. त्यांच्यामधील सरळ अंतर नकाशावर पट्टीने मोजले तरी चालते. एवढ्या लहान प्रदेशात पृथ्वीचा गोलावा जाणवत नाही. जगाच्या नकाशावर मात्र तीच पट्टी फसविते. मुंबई व न्यूयॉर्क जोडणारी रेषा तेथे अरबस्तान, सहारा व अटलांटिक महासागर ह्यांवरून जाते. आता पृथ्वीगोलावर ह्या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो वर सरकून रशिया, फिनलंड, नॉर्वे व आइसलंड ह्यांवरून जाईल! हाच जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारे 12,500 किलोमीटर भरते. नकाशावरील ‘सरळ’ वाट त्याहून दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांब पडते. शाळेत पृथ्वीगोल नसल्यास मोठ्या चेंडूवर खडूने दोन ठिपके काढूनही काम भागते. अर्थात वैमानिक नेमके दोऱ्याप्रमाणेच जातात असे नाही. वारा व निरनिराळ्या देशांची परवानगी पाहून मार्ग बदलावा लागतो.

वेळेचे गणित याहून नाजूक आहे. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन 2012 साली झाले. तेथून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 355 किलोमीटर आहे. ताशी 500 किलोमीटर वेग धरल्यास त्रेचाळीस मिनिटे येतात. पण वेळापत्रकात अधिक वेळ धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्यासाठी आकाशात घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. लांबच्या प्रवासात ह्या मिनिटांचे फारसे महत्त्व राहत नाही. तेथे वारा महत्त्वाचा. समशीतोष्ण कटिबंधात सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. म्हणून न्यूयॉर्कला जाण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून परतीस बहुधा कमी लागतो. तापीच्या प्रवाहाविरुद्ध व प्रवाहाबरोबर चालणाऱ्या होडीचे जे गणित, तेच हे.

राहिला मामाचा प्रश्न. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असते, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळा धरू. तेथे सकाळी सहा वाजले तेव्हा येथे दुपारचे साडेचार झाले होते; म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. समजा, मामा तेथून सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईस उतरला. घड्याळे साडेचोवीस तास दाखवितात, पण प्रवास चौदाच तासांचा!

चलाख मुलांस आणखी एक गंमत दाखवावी. घड्याळांतील दोन्ही फरकांची बेरीज 5 + 24½ = 29½; प्रत्यक्ष प्रवासाची बेरीज 15½ + 14 = 29½. जाताना जे साडेदहा तास वजा होतात, तेच येताना मिळविले जातात. दोन्हीकडची तिकिटे हाती असतील, तर दोन शहरांच्या वेळेतील फरक ठाऊक नसतानाही एका खेपेचा सरासरी वेळ काढता येतो : येथे पावणेपंधरा तास.