शंख आणि त्यातील जीव

देवघरातील शंख शुभ्र आणि गुळगुळीत दिसतो. समुद्राच्या तळाशी मात्र त्याच शंखावर तपकिरी रंगाचे पातळ आवरण असते आणि आत एक मृदुकाय प्राणी राहत असतो. हा प्राणी म्हणजे एक सागरी गोगलगाय होय. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७६७ साली या जातीची शास्त्रीय नोंद केली. ‘टर्बिनेला पायरम’ हे तिचे आजचे शास्त्रीय नाव आहे.

शंख हा या प्राण्याच्या शरीराचाच भाग असतो. प्रावार नावाच्या त्वचेसारख्या पटलातून स्रवणाऱ्या चुनखडीयुक्त द्रव्याचे थर साचत जातात आणि प्राण्याबरोबर शंखही वाढतो. म्हणूनच जिवंत शंख बाहेर काढणे म्हणजे त्यातील जीव संपवणे होय.

मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात येथील वालुकामय तळाशी हे प्राणी आढळतात. वाळूतील कृमी हे त्यांचे अन्न. मादी वळणदार शिंगासारख्या दिसणाऱ्या कोशात अंडी घालते. या कोशाचे एक टोक वाळूत रुतलेले असते आणि आत अनेक कप्पे असतात. अनेक सागरी गोगलगायींची पिले प्रथम पाण्यात तरंगत दूरवर जातात. शंखाची पिले मात्र इवलेसे कवच घेऊनच कोशाबाहेर पडतात व तळावर सरपटू लागतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे शंख संपले, तर दुसरीकडून पिले वाहत येऊन ती जागा भरून निघत नाही.

मानवाला शंखाचे आकर्षण फार प्राचीन काळापासून आहे. गुजरातमधील नागेश्वर येथे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, हडप्पा संस्कृतीच्या काळात, शंखाच्या बांगड्या घडवल्या जात. बंगालमध्ये विवाहित हिंदू स्त्रिया आजही ‘शाँखा’ ही शंखाची बांगडी सौभाग्यलेणे म्हणून घालतात. तिच्यासाठी लागणारे शंख तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पाणबुडे जीव धोक्यात घालून समुद्रतळातून काढत आले आहेत. एका किनाऱ्यावरील श्रमांवर दुसऱ्या प्रांतातील कारागिरांची उपजीविका अशी अवलंबून आहे.

ही परंपरा टिकायची असेल, तर समुद्रातील शंख टिकायला हवेत. पूर्ण वाढ होण्यापूर्वीच काढलेला शंख पुढची पिढी मागे ठेवत नाही. लहान शंख समुद्रातच राहू देणे, हे निसर्गाच्या दृष्टीने जितके आवश्यक आहे, तितकेच पाणबुड्यांच्या आणि कारागिरांच्याही हिताचे आहे.