टेंडर नाही, थेट थंडर!

तयार आहात? सुरुवात टॉयलेटपासून करूया!

अमेरिकी नौदलाच्या पी-३ ओरायन विमानातल्या टॉयलेटचं प्लास्टिकचं झाकण १९८५ साली कितीला पडलं, माहीत आहे का? तब्बल ६४० डॉलरला! पेपरांत बोंबाबोंब झाली, तेव्हा लॉकहीड कंपनीने तीच वस्तू १०० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. हर्ब्लॉक या गाजलेल्या व्यंगचित्रकाराने तर संरक्षणमंत्री कॅस्पर वाईनबर्गर यांच्या गळ्यात टॉयलेट सीटच अडकवली. चित्रामागून चित्रं आली, सीट काही गळ्यातून निघेना!

भाजी घ्यायला गेलो तरी आपण दोन-चार टोपल्या बघतो, भाव विचारतो. मग अब्जावधींचं लढाऊ विमान एकाच दुकानातून, टेंडर न काढता कसं घेतात? घेतात! जगभर घेतात. कधी वेळ नसतो, कधी ती वस्तू बनवणारी कंपनीच एकुलती एक असते, तर कधी दोन सरकारं परस्पर ठरवून टाकतात. त्यातून कधी कमाल होते, कधी गोलमाल. चला, सीट बेल्ट बांधा!

आता अमेरिकी नौदलाचा ४३५ डॉलरचा हातोडा. साल १९८३. त्यात सोनंबिनं काही नव्हतं. हातोडा पुरवणाऱ्या कंपनीने इंजिनिअरिंगचा आणि ऑफिसचा खर्च यादीतल्या सगळ्या वस्तूंवर सारखा वाटून टाकला होता. महागड्या यंत्राच्या वाट्याला जेवढा, तेवढाच बिचाऱ्या हातोड्याच्याही! घाव बसला करदात्याच्या खिशावर.

हा सगळा जुना जमाना झाला, असं वाटतंय? थांबा. २०१८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने सांगितलं, की सी-१७ विमानाच्या टॉयलेट सीटचं कव्हर १० हजार डॉलरला पडत होतं. मग त्यांनी ते थ्री-डी प्रिंटरवर स्वतःच छापलं. खर्च? ३०० डॉलर!

आणि २०२४ मध्ये त्याच सी-१७ च्या साबणाच्या डिस्पेन्सरचा भाव तपासला, तर बाजारभावाच्या ८० पटींहून जास्त निघाला. साबणावर असे हात धुवून घेतलेले तुम्ही कधी ऐकलेत?

अजून एक आकडा घ्या. २०१९ मध्ये पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी ट्रान्सडाइम कंपनीचे ४७ सुटे भाग तपासायला घेतले. त्यातल्या ४६ भागांवर अवाच्या सवा नफा सापडला. एक भाग तेवढा पास! कंपनीला १ कोटी ६१ लाख डॉलर परत करावे लागले. चोख तपासणी झाली की पैसे परत येतात, आणि या बातमीतला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच.

अमेरिकेत टेंडर टाळायला कायदेशीर वाटा किती, माहीत आहे का? सात. १९८४ च्या कायद्याने स्पर्धा सक्तीची केली आणि सात अपवाद ठेवले. एकच पुरवठादार असेल, तातडी असेल, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, वगैरे वगैरे.

युरोपची गंमत वेगळीच. तिथे ज्या शस्त्रांना बाजाराच्या सर्वसाधारण नियमांतून सूट मिळू शकते, त्यांची यादी १५ एप्रिल १९५८ ला बनली. स्मार्टफोन, सॅटेलाइट, ड्रोन सगळं येऊन गेलं. युरोपियन युनियनच्या करारात आजही बोट दाखवलं जातं त्या ५८ सालच्या यादीकडेच!

आता भारत. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला संरक्षण-खरेदी घोटाळा कशाचा होता? तोफेचा? विमानाचा? नाही, जीपचा! १९४८. काश्मीरमध्ये लढाई पेटलेली, लष्कराला गाड्या हव्यात. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाखांचा करार केला. आल्या १५५ जीप, आणि त्याही वापरायच्या लायकीच्या नव्हत्या. १९५५ मध्ये सरकारने फाइल बंद केली. १९५६ मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले आणि १९५७ मध्ये चक्क संरक्षणमंत्री!

थेट खरेदीचा आपला एक लाडका मार्ग म्हणजे अमेरिकेची ‘फॉरेन मिलिटरी सेल्स’ योजना. यात आपण कंपनीकडे जातच नाही, अमेरिकी सरकारकडे जातो. तेच कंपनीशी करार करतं. आणि हो, या कामाची ते फीसुद्धा घेतं. २०१८ पासून हा दर ३.२ टक्के आहे. सरकारचं कमिशनच म्हणा ना, पण छापील आणि पावतीसकट!

याच मार्गाने आलेल्या सी-१३०जे विमानाने २० ऑगस्ट २०१३ ला काय केलं, माहीत आहे का? लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर लँडिंग! उंची १६,६१४ फूट. या जातीच्या विमानासाठी हा विक्रमच. कारगिलच्या शिखरांसाठी घाम गाळलेल्या सैन्याला एवढ्या उंचीवर रसद पोचवणारं विमान मिळालं, याचा आनंद कुणाला होणार नाही? खरेदी थेट, लँडिंगही थेट!

बरं, ‘फुकट’ जहाज किती महाग पडू शकतं? याचं उत्तर आयएनएस विक्रमादित्य.

रशियाची अॅडमिरल गोर्शकोव्ह ही विमानवाहू नौका. १९८७ मध्ये ती सोव्हिएत नौदलात आली, तेव्हा नाव होतं ‘बाकू’. २००४ चा सौदा असा, की जहाज मोफत, पैसे फक्त डागडुजीचे आणि नव्या रूपाचे. आकडा ९७ कोटी ४० लाख डॉलर, यायचं वर्ष २००८. मग कारागीर आत शिरले आणि काम वाढतच गेलं. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त केबल बदलायची निघाली. रशियाने भाव वाढवून मागितला. भारताने पैसे भरलेले, आणि दुसरी विमानवाहू नौका विकायला काढलेलं दुकान जगात कुठेच नाही. घासाघीस करून करून आकडा थांबला सुमारे २३५ कोटी डॉलरवर, म्हणजे जवळपास अडीचपट. नौका दाखल झाली १६ नोव्हेंबर २०१३ ला. आता ती आपल्या शेजारच्या कारवारला असते आणि दिमाखात असते. लांबी २८४ मीटर. नौसैनिकांचा महिन्याचा खुराक म्हणे जवळजवळ १ लाख अंडी, २० हजार लिटर दूध आणि १६ टन तांदूळ!

अंड्यांवरून आठवलं! जानेवारी २०२३, युद्धात होरपळणारं युक्रेन. सैन्याच्या जेवणाचा करार टेंडरशिवाय झालेला. पत्रकारांनी त्यातला अंड्याचा भाव छापला. एक अंडं १७ रिव्निया, तर कीव्हच्या दुकानात सातेक! उपसंरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि संसदेने भाव जाहीर करण्याचा कायदाच केला. देशावर बॉम्ब पडत असताना लोकांनी अंड्याचा हिशेब मागितला, आणि तो मिळवला. सलाम!

आता या यादीतला हिरो. राफेल!

२००७ मध्ये १२६ विमानांचं टेंडर निघालं. २०१२ च्या जानेवारीत राफेल जिंकलं. मग वाटाघाटी अशा रेंगाळल्या की विचारू नका. एप्रिल २०१५ मध्ये पॅरिसमध्ये घोषणा झाली, की थेट सरकार-ते-सरकार, ३६ विमानं. सप्टेंबर २०१६ मध्ये सह्या, रक्कम सुमारे ७८७ कोटी युरो. वाद पेटला, सुप्रीम कोर्टात किमतीची माहिती बंद लिफाफ्यात गेली. २०१८ मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या, २०१९ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही. ‘कॅग’चा अहवाल आला, त्यात भाव झाकलेले, पण टक्का उघडा! जुन्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त.

पण खरी खमंग गोष्ट विमानाच्या शेपटीवर आहे. दोन सीटच्या राफेलवर ‘आरबी’ ही अक्षरं का, माहीत आहे का? वाटाघाटी करणाऱ्या चमूचे प्रमुख राकेश भदौरिया यांच्या नावावरून. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. एका सीटच्या विमानांवर ‘बीएस’, म्हणजे तेव्हाचे हवाई दलप्रमुख बिरेंदरसिंग धनोआ. घासाघीस करणाऱ्याचं नाव विमानावर कोरलं जाणं ही केवढी मोठी शाबासकी! आणि या कराराचा एक धागा आपल्या नागपुरात येतो. मिहानमध्ये राफेल बनवणाऱ्या दसॉ कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्यात फाल्कन या बिझनेस जेटचे भाग बनतात.

गोव्याचंही कनेक्शन आहे बरं का! नौदलाला विमानं हवी होती. २०२२ मध्ये आयएनएस हंसा तळावरच्या चढाच्या धावपट्टीवरून आधी राफेल-एम उडालं, मग अमेरिकेचं सुपर हॉर्नेट. बिकिनीवाल्या किनाऱ्याजवळ खरी हॉट स्पर्धा! राफेल-एमची निवड झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये थेट सरकार-ते-सरकार करार झाला. २६ विमानं, सुमारे ६३ हजार कोटी रुपये. टेंडर नव्हतं, पण दोघांनाही आधी उडवून पाहिलं. मला ही पद्धत मनापासून पटते.

टेंडर काढलं आणि एकच गडी आला तर? झालंय! २०१३ मध्ये हवाई दलाच्या म्हाताऱ्या अॅव्ह्रो विमानांना पर्याय शोधला. बोली आली फक्त एअरबस आणि टाटांची. एकट्या स्पर्धकाला हो म्हणावं की नाही, यात वर्षं गेली. सही झाली २०२१ मध्ये. ५६ सी-२९५ विमानं, २१,९३५ कोटी रुपये. त्यातली ४० वडोदऱ्यात बनणार.

एम-७७७ तोफेचं उलटं झालं. प्रतिस्पर्धी कंपनी काळ्या यादीत गेली, मैदानात उरली ही एकटी. २०१६ मध्ये १४५ तोफा ठरल्या. बोफोर्सनंतर तब्बल ३० वर्षांनी!

घरचा मामला पण बघूया. मुंबईच्या माझगाव डॉकला विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिका टेंडरशिवाय, ‘नॉमिनेशन’ने मिळाल्या. त्यातली एक ‘मोरमुगाव’, म्हणजे गोव्याच्या बंदराच्या नावाची नौका मुंबईत जन्मली! आणि नाशिककरांनो, कॉलर टाइट करा. एचएएलला २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर मिळाली. नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या पहिल्या विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ ला भरारी घेतली. अडचण एकच, इंजिन अमेरिकेच्या जीईकडूनच येतं. ८३ विमानांच्या ऑर्डरमधलं पहिलं इंजिन मिळायला मार्च २०२५ उजाडला, आणि तोवर सांगाडे वाट बघत थांबले. म्हणूनच एका दुकानावर अवलंबून राहताना भावाइतकीच तारखेचीही हमी लिहून घ्यायला हवी. तिकडे थांबतो तो आपला पायलट असतो.

स्पीडचा विक्रम हवाय? पोलंड घ्या! शेजारी युद्ध पेटलं. २६ ऑगस्ट २०२२ ला दक्षिण कोरियाशी १८० के-२ रणगाड्यांचा करार झाला, टेंडर न काढता. ५ डिसेंबरला पहिले १० रणगाडे ग्दिनिया बंदरात हजर! तीन महिने आणि वर काही दिवस.

आणि शेवटी कॅनडा. २०१० मध्ये सरकार म्हणालं, टेंडर नको, ६५ एफ-३५ घेऊ. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी खर्चाच्या हिशेबावर कोरडे ओढले. बेत रद्द. सरकार बदललं, रीतसर स्पर्धा घेतली, वर्षांवर वर्षं गेली. २०२३ च्या जानेवारीत खरेदी पक्की झाली. कशाची, माहीत आहे का? एफ-३५ ची! या वेळी ६५ नाही, ८८. आणि मार्च २०२५ मध्ये नव्या पंतप्रधानांनी त्याच खरेदीचा फेरआढावा घ्यायला सांगितलं!