शब्दांची आवर्ती ठेव

जून महिन्यात शाळा उघडल्या की पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी शब्दसंग्रहांची मागणी वाढते. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. ज्या घरात इंग्रजी कोणीच बोलत नाही, तेथील मुलांनाही तेव्हापासून ही भाषा शिकावी लागते. पालक आपल्या परीने मदत करतात. पण ती बहुधा पाठांतर करून घेण्यापुरतीच असते. शब्द, स्पेलिंग आणि अर्थ असे तीन रकाने घोकून मूल चाचणीत गुण मिळवते. महिन्याभराने तोच शब्द धड्यात आला, की मात्र ते अडखळते आणि 'मला इंग्रजी जमत नाही' असा समज करून घेते.

दोष मुलाचा नसून पद्धतीचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून त्या किती वेगाने विसरल्या जातात, याची मोजमापे घेतली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. विस्मरणाचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले. संदर्भावाचून पाठ केलेला परभाषेतील शब्दही मुलाच्या दृष्टीने असा निरर्थक ध्वनीच असतो.

हा संदर्भ वाचनातून कसा मिळतो, याचे बोलके उदाहरण म्हैसूर शहरात, म्हणजे आजच्या मैसूरुमध्ये, सापडते. आर. के. नारायण यांची मातृभाषा तमिळ, शहराची भाषा कन्नड. वडील तेथील महाराजा कॉलेजच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक असल्याने शाळेचे समृद्ध ग्रंथालय नारायण यांना खुले होते. मुख्याध्यापकांचा हा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला! पुढचे वर्ष त्याने घरीच वाचन आणि लेखन करण्यात घालवले. १९२६ मध्ये तो उत्तीर्ण झाला आणि १९३५ मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही त्याची पहिली कादंबरी प्रकाशित झाली. 'मालगुडी डेज' या मालिकेमुळे हे विश्व आपल्याकडेही घरोघरी पोहोचले. नारायण यांची इंग्रजी सोपी आणि नितळ आहे. अवघड शब्दांचा साठा म्हणजे भाषा नव्हे, हे त्यांचे कोणतेही पान उघडले तरी पटते. यादवगिरी भागातील त्यांचे घर २०१६ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

संदर्भाचे महत्त्व जाणून घेण्यास फार दूर जावयास नको; आपले पासबुक पुरेसे आहे. 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज, तसाच रसही. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल, तसेच प्राचार्यही. 'बॅलन्स' म्हणजे शिल्लक आणि तोलही. 'डिपॉझिट' ही आपली ठेव, तर भूगोलात नदीने आणून टाकलेला गाळ; आणि खुद्द 'बँक' म्हणजे त्या नदीचा काठ. तीन रकान्यांची यादी यांतील एकच अर्थ देते. नेमका अर्थ वाक्यच सांगते.

मग पालकांनी काय करावे? मुलाच्या हाती त्याला झेपेल असे गोष्टीचे पुस्तक द्यावे. ओळीओळीला अडावे लागले तर ते बदलावे. नवा शब्द वहीत लिहिताना तो ज्या वाक्यात आला, ते वाक्यही उतरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच पान पुन्हा उघडावे. स्वतःला इंग्रजी येत नसेल तरी संकोच नको. 'या गोष्टीत काय झाले, ते मला मराठीत सांग', एवढे विचारावे. जे मुलाला मराठीत सांगता येते, ते त्याला कळलेले असते. इंग्रजीतील 'माँगूस' हा शब्द आपल्या 'मुंगूस'वरूनच गेला आहे, हेही त्याला आवर्जून सांगावे. ज्या भाषेत आपलाही शब्द नांदतो, तिची भीती थोडी तरी कमी होते.

राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असताना नारायण यांनी १९८९ मध्ये सभागृहात दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली. पुढे प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' या विषयावर अहवाल दिला. ज्यांचे आयुष्य पुस्तकांच्या सहवासात घडले, त्यांनीच दप्तर हलके करा असे म्हणावे, यात विसंगती नाही. आवडीने वाचलेल्या पुस्तकाचे ओझे होत नसते.

आवर्ती ठेवीत हप्ता लहान असतो. महत्त्व असते ते नियमितपणाला. रोज दोन-तीन शब्द, तेही वाक्यासह, एवढा हप्ता कोणत्याही घराला परवडणारा आहे. ही ठेव मुलांच्या नावे आजच सुरू करावी.